मेरिवेलचा फलाट

१७ जानेवारी १८६५

विल्मिंग्टन बंदराच्या तोंडावरचा किल्ला उत्तरेच्या फौजेने घेतला. म्हणजे शत्रूची नाकेबंदी चुकवून जहाजांनी येणारे खारे मांस बंद. आता पीटर्सबर्गच्या खंदकांतल्या सगळ्या फौजेचे पोट आमच्या या एका रेल्वेवर, आणि ही रेल्वे म्हणजे नुसता गाढवपणा आहे. दक्षिणेकडून मेरिवेलपर्यंत येणारा रूळ अरुंद, आणि इथून पुढे राजधानी रिचमंडकडे जाणारा रुंद. दोन राज्ये, दोन कंपन्या, आणि दोघांचीही नाके वर. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढत नाही. म्हणून कॅरोलिनातून आलेले प्रत्येक पोते आणि डुकराचा प्रत्येक खारवलेला फरा इथे फलाटावर उतरवायचा, फलाट ओलांडून पलीकडे न्यायचा आणि पुन्हा चढवायचा.

हे सगळे बघायला कोण? मी. कॅप्टन एसा ट्रॅव्हिक, फौजेच्या धान्यपुरवठ्याचा इथला अधिकारी. गुडघ्यात शत्रूची गोळी घेतली म्हणून खंदकातून काढून इथे बसवलेला.

रूळ एकसारखे करून टाका, असे मी मागच्या वर्षी सुचवले तर गावाने आकाशपाताळ एक केले. खानावळवाले, गोदामवाले, खटारेवाले, सगळे मेयरच्या दारात. मेयर मला म्हणतो, "कॅप्टन, गाडी सरळ पुढे गेली तर मेरिवेलला थांबेल कोण?" अरे बाबा, कुणी थांबूच नये यासाठी तर सगळा खटाटोप!

रूफसचे पत्र आले. आठवडाभर मक्याचे पीठ, तेही कोंड्यासकट. "बाबा, मांस कुठे अडकलंय?" एवढाच प्रश्न. लव्हिनियाने ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मी ते मांस कोटाखाली लपवून घरी आणले आहे. आमचा एकुलता एक मुलगा आहे. मला काय काळजी नाही?

२१ जानेवारी

मिसेस बॉइडकडून भाड्याने घेतलेल्या वीस गुलामांपैकी ज्यूप नावाचा एक गडी सदऱ्याखाली मांसाचा तुकडा लपवताना सापडला. तुरुंगाच्या रखवालदाराकडून त्याला फटके मारवले. नियम तो नियम. त्यांचा मुकादम टायटसकाका, केस पिकलेला, एरवी शब्दाने शब्द वाढवणारा नाही. तो आज टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मालक, तुम्ही आमचा शिधा निम्मा केल्यापासून पोरांना ओझं झेपत नाही."

"निम्मा केला तो फौजेसाठी," मी म्हणालो. "तिकडे माझा मुलगा उपाशी आहे."

"होय मालक," तो म्हणाला. "माझीही मुलं आहेत."

आता यात त्याच्या मुलांचा काय संबंध? मिसेस बॉइडने ती केव्हाच जॉर्जियात विकली. त्यांच्या पोटाची काळजी तिथला मालक घेत असेल. या लोकांशी बोलण्यात अर्थ नसतो.

संध्याकाळी रुंद रेल्वेचा गार्ड दोन फरे बगलेत मारून राजरोस घरी गेला. मी अडवले तर म्हणाला, "मी कंपनीचा माणूस आहे, फौजेचा नाही." आणि गेला शीळ घालत! त्याला फटके मारता येत नाहीत. रक्त नुसते उकळत राहिले.

२४ जानेवारी

आज जे झाले ते झाले. मला त्याचा तिळमात्र पश्चात्ताप नाही.

रुंद रेल्वेचा इथला अधीक्षक पिंक्नी यारबरो. स्वतःला कर्नल म्हणवतो. कसला कर्नल? युद्धाआधी दरवर्षी उन्हाळ्यात गावातल्या लठ्ठ दुकानदारांची कवायत घ्यायचा, तेवढेच. दुपारी मी त्याच्या यार्डात तीन डबे पाहिले. दारे जरा किलकिली होती आणि आतून वास तंबाखूचा! रिचमंडच्या सट्टेबाजांसाठी. आणि मला मात्र रोज ऐकवतो की डबे नाहीत.

हॉटेलात जेवायला बसलो तर हा समोर. आजूबाजूला पाच-सहा बायका, मेयर, जज्ज हॅस्केल. माझ्याच्याने राहवले नाही.

"कर्नल," मी म्हणालो, "फौज उपाशी आणि तुमच्या डब्यांत तंबाखू. साध्या माणसांच्या भाषेत याला चोरी म्हणतात."

त्याने मिश्या पुसल्या. सावकाश. "वाण्याच्या दुकानात कशाला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, कॅप्टन. मी कधी पुड्या बांधल्या नाहीत."

बायका हसल्या. मेयरसुद्धा हसला. होय, होते माझे किराणा मालाचे दुकान! अठरा वर्षे चालवले आणि एकदाही माप मारले नाही. मी कॉफीचा पेला उचलला आणि त्याच्या शर्टावर रिकामा केला. हल्ली कॉफी म्हणून भाजलेल्या राय धान्याचा काढा मिळतो, त्यामुळे डागसुद्धा धड पडला नाही. याचाच काय तो खेद.

२५ जानेवारी

आता रीतीप्रमाणे माझे आणि त्याचे थेट बोलणे बंद. अपमान धुऊन निघेपर्यंत दोन सभ्य गृहस्थ एकमेकांशी शब्द बोलत नाहीत. मध्ये कुणी प्रतिष्ठित माणूस राहतो आणि चिठ्ठ्या नेतो-आणतो. खरे तर दोन्ही बाजूंचा एकेक हवा. पण गावातले सगळे प्रतिष्ठित पुरुष एकतर फौजेत आहेत किंवा जमिनीखाली. उरले एकटे जज्ज हॅस्केल. त्यांनी दोघांच्याही वतीने काम करायचे मोठ्या आनंदाने कबूल केले. म्हातारा गेल्या कित्येक महिन्यांत इतका टवटवीत दिसला नव्हता.

त्याने 'वाणी' म्हटल्याबद्दल माफी मागावी, अशी माझी मागणी. मी 'चोरी' म्हटल्याबद्दल मागावी, अशी त्याची. मी का मागू? तंबाखू मी या नाकाने हुंगली आहे.

२८ जानेवारी

नऊ डबे आले! खारे मांस आणि मका. डिसेंबरपासून एवढा माल एकदम आलेला नाही. एवढ्यात फौजेची एक तुकडी कितीतरी दिवस जेवेल. हर्षाने उडी मारावीशी वाटली, पण गुडघा आहे.

एरवी मी फलाटावरून आरोळी ठोकली असती, "रिकामे डबे लावा!" आणि तासाभरात इंजिन डबे ढकलत आले असते. यारबरोची कचेरी फलाटाच्या पलीकडच्या कडेलाच आहे. खिडकीतून त्याचे टक्कल मला दिसते. पण आता चिठ्ठी. मी लिहिले, "तात्काळ नऊ रिकामे डबे लावावेत." जज्जसाहेबांनी चष्मा लावून वाचली आणि परत दिली.

"तात्काळ? अहो, हे जरा उद्धट वाटतं. मी असलं काही नेणार नाही."

पुन्हा लिहिली. 'कृपया' घातले. तोवर त्यांची दुपारच्या झोपेची वेळ झाली. उठले, चहा झाला, काठी सापडेना, ती सापडली, मग निघाले. बहिरे असल्यामुळे तिथे काय बोलणे झाले ते त्यांना नीट ऐकू आले नाही. म्हणून उत्तरही लेखी. "कॅप्टन ट्रॅव्हिक यांनी एक विशिष्ट शब्द मागे घेताच ही कंपनी त्यांच्या सेवेस हजर आहे."

म्हणजे फौजेचे जेवण ओलीस धरले या नराधमाने! मी परत कळवले की आधी त्याने शब्द मागे घ्यावा. खिडकीतून पाहिले तर नखे कापत बसला होता.

३१ जानेवारी

पाऊस. अरुंद रेल्वेवाल्यांना त्यांचे डबे परत हवे होते, म्हणून त्यांनी सगळा माल फलाटावर उतरवून टाकला आणि गेले. फलाटाला छप्पर नाही. कंपनी म्हणते छप्पर सरकारने घालावे, सरकार म्हणते कंपनीने. दोन ताडपत्र्या मिळाल्या, एक फाटकी.

टायटसकाकाला म्हणालो, "मक्याची पोती मधे घ्या, मांस बाहेर. मांसाला पाणी लागलं तरी चालेल."

"घेतो मालक. पण गाडी कधी येणार?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही मालक. पोती सारखी इकडून तिकडे हलवायची म्हणून विचारलं."

बघा, यांनासुद्धा आता मला प्रश्न विचारायची हिंमत व्हायला लागली.

२ फेब्रुवारी

सकाळी लव्हिनियाने माझ्यापुढे मक्याची भाकर ठेवली आणि समोर बसली. ती अशी समोर बसली की समजावे.

"अहो, त्या यारबरोकडे स्वतः जाऊन या ना एकदा."

"कशाला?"

"डबे मागायला. फलाट ओलांडायचा फक्त. वाटलं तर नंतर भांडा जन्मभर. मी अडवणार नाही."

"बायकांना मान म्हणजे काय ते कळायचं नाही."

"नसेल कळत," ती म्हणाली. "मला रूफस कळतो. लहान असताना भूक लागली की रडायचा नाही तो. दाराशी जाऊन तुमची वाट बघत उभा राहायचा. दुकानातून येताना तुम्ही काहीतरी आणाल म्हणून."

मी भाकर टाकून उठलो. घरीसुद्धा मला गुन्हेगार ठरवायचे असेल तर बोलणेच खुंटले. मी माझ्यासाठी भांडतोय का? फौजेच्या अधिकाऱ्याला वाणी म्हटले, म्हणजे सगळ्या फौजेचा अपमान झाला. एवढे साधे आहे.

४ फेब्रुवारी

रिचमंडहून तार: खंदकांत मांस संपत आले आहे, हाती असेल ते पाठवा. मी तार केली: माल तयार, रुंद रेल्वे डबे देत नाही, अधीक्षकाला हुकूम द्या. उत्तर आले: आपापसात मिटवा. वा! तीनशे कारकून पोसून रिचमंडने हे शहाणपण शोधून काढले.

जज्जसाहेबांनी मात्र तोडगा आणला. दोघांनी एकाच वेळी फलाटाच्या मध्यावर यायचे आणि एकदमच आपापले शब्द मागे घ्यायचे. मी मोठ्या मनाने तयार झालो. त्यानेही होकार कळवला. मग प्रश्न आला, आधी कचेरीतून कोण निघणार? त्याचे म्हणणे, त्याचा हुद्दा मोठा, म्हणून मी आधी निघावे. हुद्दा! कवायतवाल्याचा! मी साफ नाही म्हणून सांगितले. जज्जसाहेब या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा गेले आणि शेवटी ओल्या मांसाच्या ढिगावर टेकून बसले.

"असलं शानदार प्रकरण माझ्या वडिलांच्या काळानंतर पाहिलं नाही," ते म्हणाले.

७ फेब्रुवारी

गारांचा पाऊस. हात बधिर. फाटक्या ताडपत्रीखालची पोती उघडून पाहिली तर मक्याला कोंब फुटलेले. वास येतो. मी कोंब फुटलेला मका मूठभर घेतला, कागदात बांधला आणि जज्जसाहेबांबरोबर यारबरोकडे पाठवला, त्याला लाज वाटावी म्हणून. त्याने एक ओलसर तंबाखूचे पान परत पाठवले. म्हणजे त्याचाही माल भिजतोय. बरे झाले!

ज्यूप आणि आणखी तिघे रात्रीत पळाले. टायटसकाकाला विचारले तर म्हणतो, "मला काय ठाऊक, मालक." जाणार कुठे म्हणा. बर्फात चार दिवस भटकतील आणि परत येतील. इथे डोक्यावर छप्पर आहे, तिथे कोण देणार?

१० फेब्रुवारी

लिहितो. लिहिलेच पाहिजे, नाहीतर कुणाचा तरी जीव घेईन.

दुपारी जखमींची गाडी पीटर्सबर्गकडून आली. त्यांनाही इथे उतरून अरुंद रेल्वेत चढावे लागते. स्ट्रेचर माझ्या पोत्यांमधून वाट काढत नेत होते. एका स्ट्रेचरवरून हाक आली, "कॅप्टनसाहेब!" आमच्या गावच्या खाटकाचा मुलगा, एनॉक लायल. रूफसच्याच तुकडीत. उजवा हात कोपरापासून नाही.

मी म्हणालो, "रूफस?"

"जिवंत आहे साहेब." मग त्याने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढले.

"बोल ना!"

"पलीकडे गेला."

मला कळेना. पलीकडे म्हणजे काय? त्याने सांगितले. पाच तारखेपासून लढाई, वरून गारा, पोटात काही नाही. मांसाचा तुकडा कुणी पाहिला नव्हता. मागच्या आठवड्यापासूनच माणसे रात्री शत्रूच्या बाजूला सरकत होती, कारण त्यांचे पहारेकरी ओरडून सांगायचे की कॉफी गरम आहे, या.

"तुकडीतले सहाजण आधीच निघाले होते साहेब. रूफसनं त्यांना अडवलं. म्हणाला, माझा बाप मेरिवेलला आहे. माल असेल तर तो आणणारच. अजून एक दिवस थांबा. थांबलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला, आज नक्की. तिसऱ्या दिवशी काही बोलला नाही. पत्र्याचा पेला घेतला आणि उजाडताना उठून चालायला लागला. बंदूक ठेवून गेला."

"खोटं बोलतोस!" मी ओरडलो. त्याची कॉलर धरली, एका लुळ्यापांगळ्या पोराची. लोक बघत होते.

"माझ्या नेमाच्या टप्प्यात होता, साहेब," एनॉक म्हणाला. "हुकूम आहे, जाणाऱ्याला गोळी घाला. तेव्हा मला हात होता. मी उचलला नाही." मग त्याने मान वळवून आजूबाजूला पाहिले. ढीग, पोती, ताडपत्र्या, एवढ्या पावसात भिजून पांढरे पडलेले मांस. "हे कुणाचं?"

"फौजेचं."

त्याने डाव्या हाताने शेजारचे पोते चाचपले.

"मग थापा नव्हता मारत तो," एनॉक म्हणाला. "आम्हाला वाटलं, आमचा धीर सुटू नये म्हणून बोलतोय."

त्याला उचलून नेले. मी तिथेच उभा. माझा मुलगा फितूर! ट्रॅव्हिकांच्या घरातला! आणि हे ज्याच्यामुळे झाले तो समोर खिडकीत बसलेला. मला पिस्तूल आणायला कचेरीत जायचे होते. गेलो मात्र नाही. मी फलाटाच्या मधोमध गेलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो,

"यारबरो! डबे लाव!"

खिडकी उघडली. टक्कल बाहेर आले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी ओलाचिंब होतो, टोपी कुठे पडली होती कोण जाणे.

"सात रिकामे आहेत," तो म्हणाला. "पुरतील?"

"पुरतील."

"लावतो."

एवढेच. अर्ध्या तासात इंजिन डबे ढकलत आले. जज्जसाहेब काठी आपटत धावत आले, हे रीतीला सोडून आहे म्हणून. कुणी त्यांच्याकडे पाहिले नाही.

मी टायटसकाकाला हाक मारली. ओ नाही. त्यांच्या राहायच्या छपरीकडे गेलो तर रिकामी. चुलीवर भांडे अजून कोमट होते, एकही माणूस नाही. उरलेले सगळेच्या सगळे गेले, म्हाताऱ्या टायटससकट. सगळे लोक जखमींच्या गाडीकडे बघत असताना निघून गेले असणार. कशाला गेले? काय कमी केले मी त्यांना? ही जात कृतघ्न ती कृतघ्नच.

मग मी, यारबरोचे दोन कारकून, गार्ड आणि खुद्द यारबरो, शर्टाच्या बाह्या सारून, आम्ही पोती उचलली. मी उचललेल्या पहिल्याच पोत्याचा तळ निसटला आणि कुजका मका माझ्या बुटांवर सांडला. निम्मा माल फेकून द्यावा लागला. यारबरो मध्येच म्हणाला, "तुम्ही त्या दिवशीच अशी हाक मारली असती तर मी दिले असते हो डबे." आणि वर असे तोंड केले की जणू तो मला माफ करतोय! त्याच्या तंबाखूमुळे माझा मुलगा गेला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

११ फेब्रुवारी

काल घरी काही बोललो नव्हतो. आज दुपारी जेवताना सांगितले, कारण खाटकाच्या घरून तिला कळणारच. मी शब्द तयार करून ठेवले होते. म्हणालो, "रूफस शत्रूला मिळाला. आजपासून या घरात त्याचं नाव निघणार नाही."

ती रडेल असे वाटले होते. ती चमचा हातात धरून बसून राहिली.

"कोणत्या दिवशी गेला?"

"आठ तारखेला. पहाटे."

"म्हणजे आठ तारखेला जेवला," ती म्हणाली.

"लव्हिनिया, मी काय सांगतोय ते कळतंय का तुला? तो फितूर झाला!"

"ते लोक काय देतात हो खायला?"

हे मला पाठ असते. शत्रूचा शिधा ठाऊक असणे माझे कामच आहे. रिचमंडला पाठवायच्या अहवालात दोन्ही बाजूंचे आकडे द्यावे लागतात. मला इतका राग आला होता की मी ताडताड बोललो. माणशी पाऊण पौंड खारे मांस, नाहीतर सव्वा पौंड गोमांस. एक पौंड कडक बिस्किटे, नाहीतर गव्हाचा ताजा पाव. घेवड्याच्या बिया. साखर. खरी कॉफी.

तिने चमचा खाली ठेवला. डोळे मिटले.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "सावकाश."

माझी भाकर पुढ्यात तशीच होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.